कॅड लॅब आणि ड्रॉइंग हॉल: या चुका टाळा

पॉलिटेक्निकमध्ये तपासणी समिती आली की कॉम्प्युटर मोजते. डेड स्टॉक रजिस्टरमधला (सामानाच्या नोंदवहीतला) आकडा जुळला की लॅब पास. पण लॅबची खरी परीक्षा छापून निघालेल्या शीटवर होते. कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढा, १:१ ला प्रिंट घ्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरल्या, तर प्रिंट देताना ‘फिट टू पेपर’ची टिक तशीच राहिली आहे. ती काढा, प्रमाण स्वतः भरा. एकच चुकली आणि ती रोल सरकण्याच्या दिशेतली असली, तर प्लॉटरवर (मोठी शीटं छापणाऱ्या मशीनवर) कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो किंवा पेपर फीडचं कॅलिब्रेशन करायचं राहिलेलं असतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते होत नाही आणि मुलं वर्षभर चुकीच्या मापाची शीटं टर्मवर्कला लावतात.

प्लॉटर घेताना आधी आपली शीटं कोणत्या साइजची आहेत ते बघा. ए-१ ची रुंदी ५९४ मिमी, म्हणजे २४ इंची (६१० मिमी) प्लॉटर पुरतो. ए-० ला ८४१ मिमी लागतात, तिथे ३६ इंचीच हवा. वर्षातून चार ए-० शीटं काढायची असतील तर बाहेरच्या प्लॉटिंगवाल्याकडे पाठवा, मोठ्या मशीनच्या शाईचा खर्च वाचेल.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्लॉटरचा मेन स्विच पाडून जाऊ नका. इंकजेट प्लॉटर चालू असला की मधूनमधून स्वतःच हेड (शाई फवारणारा भाग) साफ करतो. दीड महिना बंद राहिला की शाई वाळते, जूनमध्ये पहिल्याच प्रिंटला पांढरे पट्टे येतात आणि हेडसाठी कोटेशनं मागवायची वेळ येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उरलेला रोल प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. दमट कागद लाटांसारखा फुगतो आणि हेडला घासतो.

कॉम्प्युटरच्या खरेदीत ‘कोअर किती’ यावर फार भर दिला जातो. ऑटोकॅडचं बहुतेक टूडी काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे कमी कोअर पण जास्त वेगाचा प्रोसेसर इथे सरस ठरतो. पैसे उरले तर एसएसडी आणि १६ जीबी रॅम घ्या. थ्रीडी मॉडेलिंग शिकवायचं असेल तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड. माऊस मात्र स्वस्तातला घेऊ नका. झूम आणि पॅन दोन्ही त्याच्या चाकावर, आणि ते चाक रोज तीन बॅचेस फिरवतात.

‘सर, सॉफ्टवेअर बिघडलं’ अशी तक्रार आली की लगेच फॉरमॅट मारायची सवय सोडा. ओपन केल्यावर फाइल निवडायची खिडकी येत नसेल, तर कोणीतरी ‘फाइलडाया’ (FILEDIA) या सेटिंगची किंमत ० केलेली असते, ती १ करा. चाक दाबल्यावर पॅन न होता भलताच मेनू उघडत असेल तर ‘एमबटनपॅन’ (MBUTTONPAN) ही सेटिंग १ करा. घरून आणलेली फाइल उघडत नसेल तर घरचं व्हर्जन नवं आहे. मुलाला ती ‘२०१३ डीडब्ल्यूजी’ (ऑटोकॅडच्या फाइलचा जुना प्रकार) म्हणून सेव्ह करून आणायला सांगा. जुन्या मशीनवर रोज लायसन्सची किंवा साइन-इनची अडचण येत असेल तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि लॉगिन अडतं. हा सेल घड्याळजीकडेही मिळतो.

नवं इन्स्टॉलेशन करताना टेम्प्लेट (नव्या ड्रॉइंगचा तयार साचा) मिमीचंच निवडा. नावात ‘आयएसओ’ असलेलं मिमीचं, नुसतं ‘अकॅड’ इंचातलं. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फर्स्ट अँगल (टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येणारी मांडणी) लावून ठेवा, आपल्याकडे तेच चालतं. थर्ड अँगल तसंच राहिलं की अख्ख्या बॅचचे टॉप व्ह्यू वर जाऊन बसतात आणि ओरलला मुलं गप्प उभी राहतात.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, गरम होताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

कॅड आलं म्हणून ड्रॉइंग हॉलला कुलूप लावणं मला पटत नाही. पण हॉल ठेवायचा तर नीट ठेवा. मिनी ड्राफ्टर (बोर्डाला क्लॅम्पने लावायचं, समांतर रेघा काढायचं साधन) तपासायला बोर्डाच्या डाव्या टोकाशी एक आडवी रेघ काढा, हेड न फिरवता तो उजवीकडे न्या आणि पट्टी त्याच रेघेच्या वाढवलेल्या भागावर टेकवा. तिरकी बसली तर सांधे ढिले आहेत किंवा क्लॅम्प हलतोय. बोर्ड जाड घेतला तर क्लॅम्प बसतच नाही, म्हणून सॅम्पल बोर्डावर आपला ड्राफ्टर लावून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. उजेड डावीकडून पडेल अशी टेबलं मांडा, डावखुऱ्या मुलांसाठी दोन-तीन उलटी. तांत्रिक ड्रॉइंगसाठी युरोपीय मानक ७५० लक्स (उजेडाचं माप) मागतं. मोबाइलवरच्या अॅपनेही अंदाज येतो, फक्त मोबाइल बोर्डावर ठेवून मोजा, हातात धरून नाही.