कोणत्या विषयातला एक मार्क महाग आहे, ते आधी काढा

सेमिस्टर परीक्षेला महिना-सव्वा महिना उरला की सगळे विषय सारखेच अंगावर येतात. अशा वेळी टाइमटेबल रंगवत बसण्यापेक्षा कॅल्क्युलेटर घेऊन अर्धा तास हिशेब करावा.

1. आकडे गोळा करा. प्रत्येक विषयाची क्रेडिट्स (म्हणजे त्या विषयाचं वजन), हातात आलेले इंटर्नलचे मार्क, लेखी पेपर कितीचा आणि विद्यापीठाचा ग्रेडचा तक्ता. तक्ता स्वतःच्या विद्यापीठाचाच घ्या. नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये भलताच भरलेला असू शकतो.

2. किती एसजीपीए (एका सेमच्या ग्रेड पॉइंटची क्रेडिट्सनुसार सरासरी) लागतो ते काढा. समजा, दोन सेमची 40 क्रेडिट्स झाली, सीजीपीए (आतापर्यंतच्या सगळ्या सेमची तशीच सरासरी) 6.8 आहे आणि या सेमला 20 क्रेडिट्स आहेत. एकूण 7 हवा असेल तर 7 गुणिले 60 म्हणजे 420, त्यातून 6.8 गुणिले 40, म्हणजे 272 वजा करा. उरले 148, भागिले 20, उत्तर 7.4. जमण्यासारखं आहे. तोच हिशेब 7.5 साठी केला तर 8.9 येतो. मग ते लक्ष्य पुढच्या सेमवर ढकलावं, उगाच झोप घालवू नये.

3. आता लेखी पेपरकडे या. खरी गंमत इथे आहे. इंटर्नल 40 चं, लेखी 60 चं. एकूण 55 ते 59 ला 7 पॉइंट, 60 ते 69 ला 8 आणि 70 पासून 9 असा तक्ता धरू. फिजिक्सच्या इंटर्नलला 29 आहेत. म्हणजे लेखीत 31 पडले की 8 पॉइंट, आणि 9 साठी थेट 41. मधल्या 32 ते 40 मार्कांनी पॉइंट तसूभरही हलत नाही. पण 30 वर अडकलात, तर एका मार्कापायी पॉइंट 8 चा 7 होतो. विषय 4 क्रेडिट्सचा असेल तर 4 भागिले 20, म्हणजे एसजीपीएत 0.2 चा फटका. 2 क्रेडिट्सच्या विषयात हाच मार्क निम्म्या किमतीचा.

प्रत्येक विषयासाठी असा काठ शोधा आणि त्याच्या चार-पाच मार्क वरचं लक्ष्य ठेवा, कारण पेपर तपासणारा आपला मामा नसतो. लेखीत वेगळं पास व्हावं लागत असेल तर तो आकडाही शेजारी लिहा. इंटर्नल भरघोस असूनही लेखीत केटी लागलेली, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

4. तास मोजा, पण खरे. रोज 3 आणि रविवारी 6, म्हणजे आठवड्याला 24. पाच आठवड्यांचे 120. त्यातला पाव भाग लग्न, ताप, सबमिशन आणि मोबाइल यांच्या नावाने आधीच सोडून द्या. उरले 90.

5. तास वाटा. क्रेडिट्सना अवघडपणाने गुणा: सोप्याला 1, मध्यमला 2, डोकेदुखीला 3. गणित 4 गुणिले 3 म्हणजे 12, फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येकी 8, इंग्रजी 2. बेरीज 30. म्हणून एका भागाला 3 तास: गणिताला 36, फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सला 24-24, इंग्रजीला 6. मग तिसऱ्या पायरीकडे बघून थोडी ओढाताण करा; जो विषय काठावर आहे त्याला दोन-चार तास जास्त. प्रॅक्टिकलची क्रेडिट्स विसरू नका, जर्नल पूर्ण करणं हा सगळ्यात स्वस्त अभ्यास आहे.

हे सगळं गूगल शीट्समध्ये मांडलं तर दर रविवारी आकडे बदलणं सोपं जातं. 90 तास पाच आठवड्यांत म्हणजे आठवड्याला 18; पहिल्या आठवड्यात 18 ऐवजी 11 तासच झाले, तर उरलेले तास नव्याने वाटा. मागचे 7 तास पुढच्या सोमवारवर लादू नका.

आणि सीजीपीएची टक्केवारी काढताना सरसकट 9.5 ने गुणू नका. तो सीबीएसईचा जुना आकडा. विद्यापीठांची सूत्रं वेगवेगळी असतात. आपलं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागात मिळतं का ते बघा आणि अर्जात तीच टक्केवारी भरा.