कॅल्शियमची गोळी कधी घ्यावी?

हाडांसाठी कॅल्शियमची गोळी सुरू असेल, तर ती कधी आणि कशासोबत घेता याकडे जरूर लक्ष द्या. शरीर एका वेळी साधारण 500 मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषून घेतं. त्यामुळे दिवसाची मात्रा 1000 मिलिग्रॅम असेल तर ती दोनदा विभागून घेणं चांगलं. गोळीत कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ती जेवणासोबतच घ्या, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट असेल तर उपाशीपोटीही चालतं. पाकिटावर एवढं एकदा वाचून घ्याच.

लोहाची गोळी त्याच वेळी नको, कॅल्शियममुळे लोहाचं शोषण कमी होतं. थायरॉइडच्या गोळीपासून तर किमान 4 तासांचं अंतर हवं.

आणि नुसत्या कॅल्शियमवर हाडं उभी राहत नाहीत. त्यांचा कठीणपणा कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून येतो. शरीरातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियमही हाडांतच असतं, शिवाय ड जीवनसत्त्व कार्यक्षम व्हायला ते लागतंच. फॉस्फरस रोजच्या जेवणातून सहसा पुरेसा मिळतो. मॅग्नेशियमसाठी मात्र सुकामेवा, डाळी, अख्खी धान्यं मुद्दाम खा. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी सुरू करू नका.