गावात छोटा डेस्कटॉप घेताना
ऑनलाइन फॉर्मचं दुकान असो की पोरांचा अभ्यास, मोठ्या कॅबिनेटपेक्षा टिफिनच्या डब्याएवढा मिनी पीसी आपल्या यवतमाळ-वाशिमकडच्या गावात जास्त कामाचा. कारण एकच, लाइन. टायपिंग-ब्राउझिंगला तो साधारण १० ते २५ वॉट खातो, म्हणून लाइन गेली की यूपीएसवर जास्त वेळ टिकतो. (मॉनिटरही त्याच यूपीएसवर असतो, तोही हिशोबात धरा.)

वापरलेला स्वस्तात मिळतो, पण प्रोसेसर पाहूनच पैसे मोजा. इंटेल असेल तर किमान आठव्या पिढीचा. त्याखाली विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) हवीच. गेमिंगसाठी मात्र हा डबा नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो अन् याचा पंखा इवलासा. टिनाखाली, भिंतीला चिकटवून ठेवू नका. कापसाच्या दिवसांत त्याची हवेची जाळी ब्रशने झाडत जा. अडॅप्टर बाहेरचा असतो; त्याच व्होल्टचा, त्याच पिनचा तालुक्याला मिळतो का, हे घेण्याआधीच विचारा.