परदेशातील मिशनरी सेवा: रोजचे आशीर्वाद नजरेआड करणाऱ्या चुका

परदेशात सेवाकार्यासाठी गेलेल्या मिशनरीच्या पत्रांना काही महिन्यांनंतर बहुधा दोनपैकी एक वळण लागते. एक तर त्यांत सभा, भेटी आणि बाप्तिस्मे यांची केवळ मोजदाद उरते, नाही तर पत्रे हळूहळू बंदच होतात. दोन्हींच्या मुळाशी बिघाड एकच असतो: आजच्या दिवसात देवाने काय दिले, हे पाहण्याची सवय सुटलेली असते.

ती सुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सेवेच्या फळांच्या, म्हणजे बाप्तिस्म्यांसारख्या मोजता येणाऱ्या यशाच्या, संख्येवरून दिवसाची किंमत ठरवणे. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचले आणि त्यांच्या मिशनमधला पहिला हिंदू बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला; म्हणजे आजच्या मासिक अहवालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे सात वर्षे शून्यच दिसले असते. तो बाप्तिस्मा घेणारे कृष्ण पाल हे व्यवसायाने सुतार होते. त्यांचा खांदा निखळला होता आणि केरींचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस यांनी तो बसवून दिला, तेव्हापासून त्यांचे मिशनशी जाणेयेणे वाढले. इतिहासात ही घटना मोठी ठरली. त्या दिवशी मात्र ती एका जखमी माणसावर केलेला उपचार एवढीच होती, आणि तिचे पुढे काय होणार हे कोणालाच दिसत नव्हते.

यावर उपाय साधा आहे. अहवालाची वही आणि आशीर्वादांची वही वेगवेगळी ठेवावी. दुसऱ्या वहीत रोज रात्री एकच ओळ लिहावी, पण ती नेमकी असावी. ‘देव चांगला आहे’ हे वाक्य खरे असले, तरी ते कोणत्याही तारखेखाली लिहिता येते. त्याऐवजी ‘चुकीच्या बसमध्ये चढलो, तेव्हा एका अनोळखी बाईंनी सोबत उतरून योग्य थांबा दाखवला’ असे लिहिले, तर सहा महिन्यांनी वाचतानाही तो दिवस आठवतो. मात्र या ओळी किती झाल्या हे मोजू लागलो, तर हीसुद्धा अहवालाचीच वही होऊन बसते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे मंडळ्यांचेही (चर्चचेही) फारसे लक्ष जात नाही, असे माझे मत आहे. शरीराचा थकवा हा विश्वासातला उणेपणा समजला जातो. प्रार्थनेत मन लागत नाही, स्थानिक लोकांची प्रत्येक सवय खटकते, क्षुल्लक कारणाने रडू येते, आणि मिशनरी स्वतःला दोष देत आणखी उपास व आणखी भेटी अंगावर घेतो. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये ‘कल्चर शॉक’वर दिलेल्या व्याख्यानात हा क्रम मांडला होता: सुरुवातीची भुरळ, मग चिडचिड आणि परकेपणा, त्यानंतर हळूहळू रुळणे. या मधल्या टप्प्यात सापडलेल्या माणसाला ‘उपकारस्तुती कर’ एवढाच सल्ला देणे निर्दयपणाचे आहे. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि उठवून परत खायला सांगतो.

तपासणीचा क्रमही तोच ठेवावा. आधी झोप, मग जेवण, मग आठवड्याची सुट्टी खरोखर घेतली जाते का, हे पाहावे आणि प्रार्थनाजीवनाची झाडाझडती त्यानंतर घ्यावी. झोप न लागणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि आपल्या वरिष्ठांनाही सांगावे.

घराशी संपर्काचे प्रमाणही येथे महत्त्वाचे ठरते. लॅटर-डे सेंट्स, म्हणजेच मॉर्मन, मंडळीचे तरुण मिशनरी पूर्वी घरच्यांशी वर्षातून साधारण दोनदाच फोनवर बोलू शकत. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बोलणे मला सर्वांत योग्य वाटते. दिवसातून तीनदा घरी फोन करणाऱ्याचे शरीर तेवढे परदेशात असते. पत्र लिहिताना आणखी एक पथ्य पाळावे: स्थानिक कुटुंबांची दुखणी, भांडणे किंवा गरिबी त्यांच्या नावानिशी आणि छायाचित्रांसह लिहू नये. भाषांतराची साधने आता सर्वांच्या हाती असल्यामुळे ती माणसे हे पत्र स्वतःच वाचू शकतात.

काही मिशनरी देण्याच्या भरात घेणे नाकारतात. येशूने शिष्यांना धाडताना, ज्या घरात जाल तेथेच राहा आणि ते देतील ते खा-प्या, असे सांगितले होते (लूक १०:७). म्हणजे ज्यांच्याकडे सुवार्ता न्यायची, त्यांच्याच ताटावर बसायचे होते. यजमानांची परिस्थिती बेताची असली, तर थोडे घ्यावे, परंतु घ्यावे. प्रकृतीमुळे एखादा पदार्थ चालत नसल्यास ते आधी सांगावे, पान वाढल्यावर नव्हे.

शेवटी सोबत राहून सेवा करणाऱ्या सहकाऱ्याविषयी. दोघांत बिनसते ते सिद्धांतांवरून क्वचितच. न घासलेली भांडी आणि पहाटेचा गजर एवढी कारणे पुरतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात कामे वाटून, लिहून भिंतीवर लावावीत. तरीही जमले नाही, तर सहकारी बदलून मागण्यात नामुष्की मानू नये. बायबलमध्ये, मार्क या तरुण सहकाऱ्याला सोबत घ्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा या सुवार्तिकांच्यात तीव्र वाद होऊन ते वेगळे झाले, आणि पुढे त्याच मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आढळते. बदलीच्या विनंतीत मात्र सहकाऱ्याच्या स्वभावाची चिकित्सा करू नये. काय घडले आणि कोणते उपाय करून पाहिले, एवढेच लिहावे.