परराज्यातील विद्यापीठाची ओढ आणि आपला रहिवास

अमेरिकेत नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. घर, गाडी, आरोग्यविमा आणि चांगल्या शाळेचा परिसर यांची चौकशी पहिल्या महिन्यातच होते, परंतु मुलांच्या पदवी शिक्षणाचा विषय मूल अकरावीत जाईपर्यंत निघत नाही. तोपर्यंत अ‍ॅन आर्बर, ऑस्टिन, मॅडिसन, चॅपल हिल या विद्यापीठांच्या गावांची नावे (अनुक्रमे मिशिगन, टेक्सास, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील) मुलाच्या तोंडी बसलेली असतात, आणि ही विद्यापीठे सरकारी असली तरी दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला स्वस्त पडत नाहीत हे पालकांना तेव्हा प्रथमच कळते. म्हणून हा विषय आल्याआल्याच समजून घ्यावा, असे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला आग्रहाने सांगतो.

येथे प्रत्येक राज्याचे स्वतःचे एक प्रमुख सार्वजनिक विद्यापीठ असते आणि त्याला फ्लॅगशिप म्हटले जाते. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्था उभारण्यास चालना दिली. आजची अनेक मोठी सरकारी विद्यापीठे त्यातूनच वाढली. (वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेगॉनमधील अशाच एका संस्थेत शेतीशास्त्र शिकले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.) या संस्था राज्याच्या करातून उभ्या राहिल्या, त्यामुळे त्या राज्यातील रहिवाशांच्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना पुष्कळ जास्त, ही पद्धत पडली.

महाराष्ट्रातून आलेल्यांना अधिवासाची कल्पना नवी नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील 85 टक्के जागा राज्याच्या आणि 15 टक्के अखिल भारतीय, हे गणित बहुतेक पालकांना तोंडपाठ असते. तेथे अधिवासामुळे प्रामुख्याने जागा ठरते. येथे जागेच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा जागेपेक्षा अधिक, किंमत ठरते. मिशिगन विद्यापीठात राज्याबाहेरील विद्यार्थ्याची शिकवणी फी राज्यातील विद्यार्थ्याच्या तिपटीहून अधिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथील संकुलात राज्याबाहेरून येणाऱ्याला मूळ फीशिवाय वर्षाला 34,000 डॉलरांहून अधिक पूरक शुल्क भरावे लागते, आणि राहण्याजेवण्याचा खर्च त्याहून वेगळा.

इतके असूनही मुलांना ही विद्यापीठे का हवीशी वाटतात, हे पालकांनी मनापासून समजून घेतले पाहिजे, कारण ती ओढ पोकळ नाही. एकाच आवारात अभियांत्रिकी, वैद्यक, संगीत, कायदा, भाषा आणि व्यवस्थापन यांची नामांकित महाविद्यालये असतात, आणि अठराव्या वर्षी ज्याला आपली दिशा पक्की ठाऊक नाही अशा मुलाला विषय बदलण्यास येथे खासगी छोट्या महाविद्यालयापेक्षा पुष्कळ वाव मिळतो. संशोधनाच्या प्रयोगशाळांत पदवीच्या विद्यार्थ्यालाही काम मिळू शकते. देशभरातील कंपन्या नोकरभरतीसाठी थेट आवारात येतात, माजी विद्यार्थी प्रत्येक शहरात भेटतात, आणि शरद ऋतूतील शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला लाखभर माणसे जमतात, तेव्हा आपण एका मोठ्या समुदायाचे आहोत ही भावना मुलांच्या मनात खोल रुजते. स्थलांतरित घरातील मुलांना या भावनेची भूक अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे.

त्यात पिकते तिथे विकत नाही, हेही खरे. न्यू जर्सीतील मुलांना रटगर्स हे घराजवळचे, शाळेतील निम्म्या मित्रांचे विद्यापीठ म्हणून सामान्य वाटते. वस्तुतः ते 1766 साली स्थापन झालेले आणि संशोधनात नावाजलेले विद्यापीठ आहे, आणि इतर राज्यांतील व परदेशांतील मुले तेथे अधिक फी भरून येतात. न्यू जर्सी हे राज्य बाहेरून जितके विद्यार्थी घेते त्याहून कितीतरी अधिक विद्यार्थी बाहेर पाठवते. आपले मूल दुसऱ्या राज्याचे नाव घेते तेव्हा त्याला तेथील एखादा विभाग हवा आहे की केवळ घरापासून अंतर हवे आहे, हे शांतपणे विचारावे. अंतर हवे असण्यातही गैर काही नाही, फक्त त्याची किंमत चार वर्षे भरायची असते.

दुसऱ्या बाजूने विद्यापीठांनाही ही मुले हवी असतात. 2008 नंतरच्या मंदीत अनेक राज्यांनी उच्च शिक्षणाचे अनुदान कापले, आणि पूर्ण फी भरणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठांची भिस्त वाढली. टस्कालूसा येथील अलाबामा विद्यापीठात आज निम्म्याहून अधिक विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. व्हरमाँटमध्येही तसेच आहे. याउलट काही राज्ये आपल्या मुलांसाठी दार राखून ठेवतात. चॅपल हिलमध्ये बाहेरच्यांसाठी अनेक दशके 18 टक्क्यांची मर्यादा होती. टेक्सासने 1997 साली आपल्या शाळांतील गुणांनुसार वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा कायदा केला, त्यामुळे ऑस्टिनमध्ये बाहेरच्यांसाठी फारच थोड्या जागा उरतात. व्हर्जिनिया विद्यापीठात सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थी त्याच राज्यातील असतात. म्हणून विद्यापीठाचा एकूण प्रवेशदर पाहून अंदाज बांधू नये. राज्याबाहेरील अर्जदारांचा दर वेगळा असतो आणि पुष्कळदा तो बराच कमी असतो.

संगणकशास्त्राकडे ओढा असलेल्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात किंवा अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि तेथील संगणकशास्त्रात प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या विषयात शिरून नंतर संगणकशास्त्राकडे वळू, हा बेत तेथे सहसा सफल होत नाही. विषय बदलण्याची जी मोकळीक मी वर सांगितली, तिला हा मोठा अपवाद आहे. तसेच फ्लॅगशिप हे बिरुद प्रत्येक विषयाला लागू पडत नाही. इंडियानात ते ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठाचे आहे, पण अभियांत्रिकीसाठी त्याच राज्यातील पर्ड्यू विद्यापीठ गाठावे लागते, आणि पर्ड्यूने 2013 पासून अनेक वर्षे मूळ फी वाढवलेली नाही. जॉर्जियातही अथेन्सचे विद्यापीठ राज्याचे प्रमुख, तर अभियांत्रिकीचा मान अटलांटाच्या जॉर्जिया टेककडे.

आता रहिवासाविषयी, कारण नव्या कुटुंबांचे खरे नुकसान येथे होते. बहुतेक राज्यांत सत्र सुरू होण्यापूर्वी सलग बारा महिने त्या राज्यात वास्तव्य आणि तेथेच कायम राहण्याचा हेतू दाखवावा लागतो. अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास साधारणपणे पालकांच्या रहिवासावरून ठरतो. केवळ शिक्षणासाठी जाऊन तेथे वर्षभर राहिले म्हणून मूल त्या राज्याचे रहिवासी होत नाही. त्यामुळे मूल अकरावी-बारावीत असताना नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाण्याचा प्रस्ताव आला, तर पगारवाढीच्या शेजारी फीतील हा फरकही मांडून पाहावा, कारण अशा वेळी जुने राज्य सुटते आणि नव्या राज्यातील बारा महिने भरलेले नसतात.

व्हिसाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्याला रहिवासी दर्जा सहसा मिळत नाही. एच-1बी (नोकरीच्या) आणि एच-4 (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरील कुटुंबांना मात्र अनेक राज्यांत तो मिळू शकतो, आणि तरीही आपले लोक परदेशी म्हणून स्वतःच बाहेरच्यांची फी गृहीत धरतात, हे पाहून मला वाईट वाटते. 1982 साली मेरीलँड विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे जी-4 व्हिसावरील, कुटुंबांतील मुलांना सरसकट रहिवासी दर्जा नाकारणे घटनाबाह्य ठरवले. राज्याराज्यांचे नियम वेगळे असले, तरी आपल्या व्हिसाला तेथे वास्तव्याचा हेतू बाळगण्याची मुभा आहे का, हे विद्यापीठाच्या रहिवास कार्यालयाला लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फॅफ्सा या अर्जाद्वारे मिळणारी संघराज्याची आर्थिक मदत मात्र एच-4 वरील मुलांना मिळत नाही. त्यासाठी सहसा ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व लागते. मूल एकवीस वर्षांचे झाले की एच-4 संपतो, आणि एफ-1 वर जावे लागल्यास रहिवासी दर्जाही धोक्यात येऊ शकतो. पदवीच्या मध्यावर ही वेळ येणार असेल तर प्रवेशापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

पुरावा म्हणून राज्याचा आयकर, वाहन परवाना, घराचा करार किंवा मालकी, आणि मुलाला करपत्रकात अवलंबून दाखवणारा पालक कोणत्या राज्यातला आहे, हे पाहिले जाते. त्याच यादीत मतदार नोंदणीचाही उल्लेख पुष्कळदा असतो. नागरिक नसलेल्या व्यक्तीने कोणत्याही परिस्थितीत मतदार म्हणून नोंदणी करू नये. तो कायद्याचा भंग ठरतो आणि पुढे ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्वाच्या वेळी त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते. परवाना काढताना तसा रकाना समोर आल्यास तो वाचून नाकारावा आणि हे घरातील मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे.

पूर्ण फी टाळण्याचे काही रीतसर मार्ग आहेत. पश्चिमेकडील राज्यांच्या वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज या योजनेत सहभागी विद्यापीठे योजनेतील इतर राज्यांच्या मुलांना रहिवाशांच्या फीच्या दीडपटीपर्यंतच आकारणी करतात. बर्कली आणि सिअ‍ॅटल मात्र त्यात नाहीत. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यात जुना परस्पर करार आहे. अलाबामा विद्यापीठ गुण आणि चाचणीच्या निकालावरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे कोष्टकच जाहीर करते. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटी या प्रवेशपूर्व चाचणीचे गुण पाहतच नाही, तेव्हा एकाच तयारीचा उपयोग सर्वत्र सारखा होत नाही.

मुलाला पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असेल, तर चार वर्षांनंतरचाही विचार करावा. टेक्सासच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बाहेरच्यांना कायद्याने 10 टक्क्यांपेक्षा अधिक जागा देता येत नाहीत, आणि इतर अनेक राज्येही आपल्या रहिवाशांना प्राधान्य देतात. परराज्यात पदवी घेणाऱ्या मुलाने तेथील परवाना किंवा पत्ता घेण्यापूर्वी त्याचा घरच्या रहिवासावर काय परिणाम होईल, हे तपासून घ्यावे.

अनेक मोठ्या विद्यापीठांची लवकर अर्जाची मुदत 1 नोव्हेंबरच्या आसपास संपते आणि अंतिम निर्णय सहसा 1 मेपर्यंत कळवावा लागतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात आलेले प्रत्येक शिष्यवृत्तीपत्र चार वर्षांच्या एकूण खर्चाशेजारी मांडावे, आणि शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती ग्रेड पॉइंट राखावे लागतात हे त्यात वाचून घ्यावे. रहिवासी दर्जाचा अर्ज पुष्कळ ठिकाणी प्रवेशाच्या अर्जापासून वेगळा असतो. रहिवासी असूनही विद्यापीठाने बाहेरचे ठरवले, तर अपिलाची सोय असते; तिला स्वतंत्र मुदत असते, म्हणून तसे पत्र हाती पडल्याच्या आठवड्यातच करपत्रके, घराचा करार आणि व्हिसाची कागदपत्रे जोडून अपील पाठवावे.