चुन्याची निवळी कशी करावी, आणि ती का बिघडते

साखर, मीठ, सोडा यांची सवय असल्याने चुनाही कोमट पाण्यात लवकर विरघळेल असे वाटते. विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, नेमका उलटा वागतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात तो जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून निवळीला, म्हणजे चुन्याच्या स्वच्छ द्रावणाला, पाणी थंडच घ्या.

कळीच्या चुन्यापासून सुरुवात करू नका. त्यावर पाणी पडले की इतकी उष्णता निघते की पाणी उकळून चुना अंगावर उडतो. विरलेल्या चुन्याची भुकटी घ्या आणि आधी ती तपासा: चिमूटभर भुकटीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर हवा लागून तिचा बराच भाग कॅल्शियम कार्बोनेट झाला आहे, दुसरी घ्या.

१. एक लिटर पाणी पाच मिनिटे उकळा आणि झाकून पूर्ण थंड करा. उकळल्याने त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

२. हातमोजे आणि चष्मा घाला. बाटलीत पाणी भरून ३ ग्रॅम भुकटी टाका, बूच लावून पाच मिनिटे हलवा. तळाशी चुना उरायलाच हवा. द्रावण संपृक्त झाल्याची, म्हणजे त्यात आणखी चुना मावत नसल्याची, ती खूण.

३. रात्रभर हलवू नका. सकाळी वरचे स्वच्छ पाणी गाळणकागदातून अलगद गाळा. गाळ ढवळला गेला तर घाई न करता पुन्हा निवळू द्या.

४. प्लॅस्टिकच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि फिरकीचे झाकण घट्ट लावा. काचेचे बूच काही दिवसांत चिकटून बसते.

पृष्ठभागावर पातळ, कुरकुरीत साय दिसली तर ती कार्बोनेटची आहे, झाकणातून हवा जाते आहे. गाळून थोडे दिवस वापरता येते, पण ताकद घटलेली असते.

आता तपासणी. परीक्षानळीत १० मिलि निवळी घेऊन नळीने हळू फुंका. ओढू मात्र अजिबात नका: निवळीचा सामू (pH) १२.४ च्या आसपास, म्हणजे ती तीव्र अल्कधर्मी असते. डोळ्यात गेली तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा; व्हिनेगर लावू नका. फुंकल्यावर थोड्याच वेळात उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते.

फुंकत राहिले की ती पुन्हा स्वच्छ होते, असे शिकवले जाते, आणि इथेच अनेकांचा हिरमोड होतो. तयार होणारे कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात मावते त्याला मर्यादा आहे. संपृक्त निवळीत कॅल्शियम त्याहून जास्त असते, आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड अवघा ४ टक्के. त्यामुळे एक भाग निवळीत तीन भाग उकळून थंड केलेले पाणी मिसळा आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा वायू नळीने सोडा. फेस नळीत चढू देऊ नका. व्हिनेगर आत गेले तर गढूळपणा आम्लामुळेच जाईल आणि प्रयोग फसवा ठरेल.

स्वच्छ झालेले द्रावण उकळून पाहा. वायू निघून जातो, पांढरा साका परत येतो. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी बसणारा थर याच क्रियेने तयार होतो.