गाडीची भीती बसलीय? असं करून बघा
दुचाकीवरून पडल्यावर मी चार महिने गाडीला हात लावला नव्हता, पुण्यातल्या नळ स्टॉपचा सिग्नल नुसता आठवला तरी तळहाताला घाम. एकदम संध्याकाळी ७ च्या गर्दीत कर्वे रोडला जाऊ नका, भीती अजून घट्ट बसते. आधी पार्किंगमधे नुसतं गाडीवर बसा, मग सोसायटीत चकरा, मग रविवारी सकाळी ६ ला जंगली महाराज रोड. एकच टप्पा रोज, कंटाळा येईपर्यंत, कंटाळा आला की पुढचा.

धडधडलं तर कडेला घ्या, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, ठोके खाली येतात, पण तिथूनच घरी पळायचं नाही हां, पळालात की मेंदूला वाटतं पळालो म्हणून वाचलो. हेल्मेट घालाच (पुण्यात यावरून भांडणं होतात, माहितीय). मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे, तो लाल सिग्नलला पण वाजवतो.